लाकडी अक्षरांची कहाणी

छापलेल्या अक्षराचे स्थूलमानाने दोन वर्ग कल्पिता येतील. एक पुस्तकातले अक्षर. वाचक ते हातात घेतो, डोळ्यांपासून वीत-दोन वीत अंतरावर धरतो आणि निवांतपणे वाचतो. दुसरे रस्त्यावरचे अक्षर. ते भिंतीवर चिकटविलेले असते. त्याचा वाचक घाईत असतो, पंधरा-वीस पावलांवरून चाललेला असतो आणि आपण काही वाचणार आहोत असे त्याने मनाशी ठरविलेलेही नसते. अशा वाटसरूला थांबविणे हे त्या अक्षराचे काम. पहिल्या वर्गातील अक्षराचा इतिहास विद्वानांनी आस्थेने लिहिला आहे. गुटेनबर्गचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दुसऱ्या अक्षराच्या वाट्याला हे भाग्य फार उशिरा आले. ज्या कागदांवर ते उमटले ते कागद चार दिवसांनी पावसात भिजून गेले किंवा त्यांच्यावर दुसरे कागद चढले. आणि जे ठसे वापरून ते छापले गेले ते ठसे शिशाचे नव्हते, लाकडाचे होते.

मुद्रणकलेत अक्षराच्या सुट्या ठशाला आपल्याकडे खिळा म्हणतात. खिळे उचलून ओळीत बसविणारा तो जुळारी. एकदा छापून झाले की खिळे सुटे करून पुन्हा घरांत टाकावयाचे आणि दुसऱ्या मजकुरासाठी पुन्हा जुळवावयाचे, हे या कलेचे मर्म. हे मर्म प्रथम उमगले ते चीन देशात. अकराव्या शतकाच्या मध्यास बी शेंग नावाच्या कारागिराने भाजलेल्या मातीचे सुटे ठसे केले. ही हकीकत शेन क्वो या पंडिताने लिहून ठेविली आहे. लाकूड का वापरले नाही, याचेही कारण त्याने दिले आहे. लाकडाचे तंतू सर्वत्र सारखे नसतात आणि ओलावा लागला की ते फुगते, त्यामुळे ठसे एका पातळीत राहत नाहीत. ही तक्रार अगदी यथार्थ होती. पुढे आठशे वर्षे लाकडी अक्षराचा सारा इतिहास या एका तक्रारीला उत्तर शोधण्याचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

चीनमध्येच या तक्रारीवर मात करण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला, आणि तो करणारा मनुष्य व्यवसायाने मुद्रक नव्हता. वांग चेन हा जिल्ह्याचा कारभार पाहणारा सरकारी अधिकारी होता आणि शेती हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. त्याने कारागिरांकडून साठ हजारांवर लाकडी ठसे कोरवून घेतले आणि १२९८ साली आपल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाच्या शंभर प्रती महिन्याभराच्या आत छापून काढल्या. चिनी लिपीत चिन्हे हजारो. त्यांतून हवे ते चिन्ह शोधण्यासाठी जुळाऱ्याने किती येरझारा घालाव्या? वांग चेनने फिरती गोल मेजे करविली. जुळाऱ्याने मध्ये बसावे, मेज फिरवावे आणि अक्षर हाताशी आणावे. आपल्या शेतीविषयक ग्रंथात, १३१३ साली, त्याने ही सारी पद्धत तपशीलवार लिहून ठेविली. त्यानंतर साडेचार शतकांनी छ्येनलुंग बादशहाच्या आज्ञेने राजवाड्याच्या मुद्रणालयासाठी बोराच्या जातीच्या लाकडाचे सुमारे अडीच लाख ठसे कोरले गेले. तात्पर्य, लाकडी खिळा ही कल्पना पाश्चात्त्य यंत्रयुगाने नव्याने शोधून काढली असे नाही. यंत्रयुगाने तिला वेगळे काम दिले. चीनमधील लाकडी अक्षर ग्रंथासाठी होते, ते लहान होते. एकोणिसाव्या शतकात ते रस्त्यावर आले आणि मोठे झाले.

युरोपात गुटेनबर्गच्या काळापासून खिळे ओतले जात ते शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे. ग्रंथातील बारीक अक्षरांसाठी हा धातू उत्तम. तो लवकर वितळतो, साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो आणि निवाला की नेमका आकार धरतो. अक्षर दोन-तीन इंचांचे होऊ लागले की मात्र हेच गुण अवगुण ठरतात. मोठा खिळा निवताना बाहेरून आधी आणि आतून नंतर निवतो. त्यामुळे त्याचा पृष्ठभाग मध्ये किंचित खोलगट होतो आणि छापताना अक्षराच्या पोटात शाई नीट लागत नाही. खेरीज शिसे जड आणि महाग. मोठ्या अक्षरांचा एक पुरा संच ठेवावयाचा तर छापखान्याच्या मांडण्या वाकावयाच्या आणि मालकाची तिजोरी रिकामी व्हावयाची. असा खिळा हातातून पडला की त्याची कड चेपते आणि तो निकामी होतो. त्यामुळे फार मोठे अक्षर हवेच असेल तर कसबी माणसाने लाकडाच्या फळीवर ते हाताने कोरावे, एवढाच मार्ग उरे. तो मार्ग मंद होता. शिवाय हाताने कोरलेली दोन अक्षरे तंतोतंत एकसारखी होणे दुर्मीळच.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ही अडचण एकाएकी तीव्र झाली. कारखाने निघाले, माल वाढला, शहरे फुगली, आगबोटी आणि पुढे आगगाड्या धावू लागल्या. मालाला गिऱ्हाईक हवे होते, नाटकाला प्रेक्षक हवे होते, आगबोटीला उतारू हवे होते. या सर्वांना अनोळखी गर्दीशी बोलावयाचे होते. लंडनच्या अक्षरओतकांनी या गरजेसाठी नवी वळणे निर्माण केली. अक्षराचे दांडे इतके जाड झाले की ग्रंथमुद्रणाच्या जुन्या जाणकारांनी नाके मुरडावी. व्हिन्सेंट फिगिन्स याने १८१५ च्या सुमारास अक्षरांच्या टोकांना चौकोनी, भक्कम पाय दिले. नेपोलियनच्या मोहिमेनंतर युरोपात ईजिप्तचे वेड पसरले होते, तेव्हा अशा अक्षरांना ‘इजिप्शियन’ हे नाव चिकटले. विल्यम कॅस्लन, म्हणजे त्या घराण्यातील चौथा, याने १८१६ च्या सुमारास ते पायही काढून टाकले आणि नुसत्या सरळ दांड्यांचे वळण छापून दाखविले. आजच्या रस्त्यांवरील बहुतेक पाट्या या दुसऱ्या वळणाच्या वंशातल्या आहेत. अशा रीतीने वळणे तयार झाली. ती मोठ्या मापात, स्वस्तात आणि एकसारखी कशी मिळावी, हा प्रश्न मात्र तसाच होता.

तो सोडविला न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स या मुद्रकाने. वेल्सची पहिली सूझबूझ लाकूड निवडण्यात होती. त्याने फळी उभी न घेता ओंडक्याचा आडवा छेद घेतला. झाडाचे तंतू मुळापासून शेंड्याकडे उभे जातात. आडव्या छेदात त्या तंतूंची टोके वर येतात. असा पृष्ठभाग कोणत्याही दिशेने कोरला तरी सारखाच कोरला जातो, त्याचे कपचे उडत नाहीत आणि दाब त्याला तंतूंच्या लांबीच्या दिशेने बसत असल्याने तो सहजी दबत नाही. इंग्लंडात टॉमस ब्यूइक याने चित्रांच्या कोरीव ठशांसाठी हीच युक्ती आधी यशस्वी करून दाखविली होती. वेल्सची दुसरी कर्तबगारी यंत्राची. १८२७ साली त्याने असे एक खोदयंत्र वापरात आणले की त्यातील अतिवेगाने फिरणारे पाते लाकडावरून आडवे नेता येई आणि अक्षराभोवतीचा नको असलेला भाग झटपट उकरून निघे. हाताने तासभर छिन्नी चालविण्याचे काम काही क्षणांवर आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८२८ च्या मार्च महिन्यात, वेल्सने आपल्या लाकडी टाइपांचा नमुनाग्रंथ प्रसिद्ध केला. त्या प्रकारचा तो ज्ञात असलेला पहिला होय. मोठ्या मापांत लाकडी अक्षर धातूच्या अक्षराच्या सुमारे निम्म्या किमतीत मिळू लागले. शिवाय वजन नगण्य आणि पृष्ठभाग सपाट.

वेल्सच्या यंत्राने खोदण्याचे श्रम वाचविले, पण अक्षर लाकडावर आखावे लागतच होते. ती उणीव १८३४ साली विल्यम लेव्हनवर्थ याने भरून काढली. त्याने खोदयंत्राला पँटोग्राफची जोड दिली. पँटोग्राफ म्हणजे सांध्यांवर हलणारी दांड्यांची चौकट. तिच्या एका टोकाने मोठ्या नमुन्याची कड गिरवीत जावे, तो दुसऱ्या टोकाचे पाते तीच आकृती हव्या त्या लहान प्रमाणात लाकडात उतरविते. आता एक नमुना नीट करून ठेविला की त्यावरून शंभर अक्षरे काढा किंवा हजार, दोन इंची काढा किंवा दहा इंची, सारी एका आईची लेकरे. अमेरिकेतील लाकडी टाइपाचा व्यवसाय या दोन यंत्रांवर उभा राहिला आणि पुढील दीडशे वर्षांत त्याच्या मूळ रीतीत फारसा बदल झाला नाही.

ती रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण शेन क्वोच्या जुन्या तक्रारीचे उत्तर तिच्यात आहे. सर्वांत अधिक पसंती मिळाली ती मेपलच्या एका जातीला, ज्या झाडाच्या रसापासून त्या देशात गोड पाक करतात. हे लाकूड कठीण, बारीक पोताचे आणि सारख्या अंगाचे. ओंडक्याच्या इंचभराहून किंचित जाड अशा चकत्या कापीत. त्या हवेशीर जागी रचून दोन-दोन वर्षे वाळू देत. ही प्रतीक्षा टाळण्याचा लोभ जो करी त्याचे खिळे पुढे वाकत आणि फाटत. चकती पुरती वाळली की ती घासून बरोबर एका उंचीवर आणावयाची. ही उंची होती इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील ९१८ भाग. ही अमेरिकेतील धातूच्या खिळ्याचीच उंची होय. त्यामुळे शिशाची बारीक अक्षरे आणि लाकडाची मोठी अक्षरे एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येत. उंचीत केसाएवढा फरक पडला तरी एखादे अक्षर काळेकुट्ट आणि शेजारचे फिकट उमटावयाचे. मग पृष्ठभागाला लाखेचे रोगण देऊन तो आरशासारखा घोटीत, त्यामुळे ओल आत शिरत नसे. त्यानंतर चकतीचे ठोकळे पाडून ते यंत्रावर जात. यंत्राचे पाते गोल असल्याने अक्षराच्या आतले कोपरे तीक्ष्ण निघत नसत. ते काम शेवटी माणसाच्या हातातील सुरीनेच पुरे करावे लागे. यंत्र जेथे थकते तेथून हात पुढे जातो, याचे हे लहानसे पण चांगले उदाहरण आहे.

लाकडी टाइपाचे माप ‘ओळीं’त मोजीत. एक ओळ म्हणजे इंचाचा सहावा भाग. बारा ओळींचे अक्षर दोन इंच उंच आणि साठ ओळींचे दहा इंच. या मापांत वळणांची जी विविधता निर्माण झाली ती आज पाहणाऱ्याला केवळ हौस वाटते. लांबट आणि चिंचोळी अक्षरे, आखूड आणि पसरट अक्षरे, माशाच्या शेपटीसारखी टोके दुभंगलेली अक्षरे, पाय दांड्यांपेक्षा जाड असलेली अक्षरे, असे नाना प्रकार. पण त्यामागे हौसेइतकाच हिशेबही होता. भित्तिपत्रकाची रुंदी ठरलेली असे आणि प्रत्येक ओळीने ती पुरी भरावी असा संकेत होता. नटाचे नाव लांब असेल तर चिंचोळे अक्षर घ्यावयाचे, ‘आज’ एवढाच शब्द असेल तर पसरट अक्षर घ्यावयाचे. जुन्या भित्तिपत्रकांत दर ओळीला वळण बदललेले दिसते. त्यात जुळाऱ्याची रसिकता कमीअधिक असेल, परंतु पहिली अट ओळ भरण्याची होती. गरजेतून आलेली ही रीत पुढे त्या काळाची ओळखच बनली. आजही सर्कस किंवा जुने नाटकगृह यांचे वातावरण निर्माण करावयाचे झाले तर चित्रकार याच मांडणीचा आश्रय घेतो.

या अक्षरांनी काय काय सांगितले? सर्कस गावात आल्याची वार्ता सांगितली, आगबोटीच्या सुटण्याची वेळ सांगितली, निवडणुकीच्या सभा आणि दारूबंदीची व्याख्याने जाहीर केली. १८६५ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला तेव्हा मारेकरी आणि त्याचे साथीदार यांना पकडून देणाऱ्यांस एक लाख डॉलरचे इनाम युद्धखात्याने जाहीर केले, तेही अशाच ठसठशीत अक्षरांच्या पत्रकाने. आणि हेही सांगितले पाहिजे की लिंकन यांनी ज्या प्रथेशी झुंज दिली त्या गुलामगिरीच्या काळात माणसांच्या लिलावाच्या जाहिरातीही अशाच मोठ्या मथळ्यांनी भिंतींवर लागत असत. कोणत्या दिवशी, कोणत्या चौकात, किती स्त्रिया आणि किती मुले विकावयाची, हे त्यांत असे. अक्षराला स्वतःचा विवेक नसतो. त्याला आवाज दिला तर तो कोणासाठी चढवावयाचा हे ते ठरवीत नाही. जाहिरातीच्या युगाने पुढे जगापुढे जो नैतिक प्रश्न उभा केला त्याचे बीज या मेपलच्या ठोकळ्यांपाशीच पडलेले होते.

व्यवसायाच्या दृष्टीने या कलेचे वैभवाचे दिवस कनेक्टिकट राज्यातील विल्यम पेज याच्या कारखान्यात दिसतात. पेजने १८५० च्या दशकात हा धंदा सुरू केला. त्याची वळणे रेखीव, काम चोख. त्याचा खरा मान आहे तो अनेकरंगी अक्षरांत. एकाच अक्षराचे दोन किंवा तीन वेगवेगळे ठसे करावयाचे, प्रत्येक निराळ्या रंगात एकावर एक छापावयाचा, आणि जेथे दोन रंग एकमेकांवर पडतात तेथे आपोआप तिसरा रंग उमटावा, अशी ती योजना होती. ठसे जरा सरकले की सारा खेळ बिघडावयाचा. १८७४ साली पेजने अशा अक्षरांचा जो नमुनाग्रंथ काढला तो अमेरिकन मुद्रणाच्या इतिहासातील सर्वांत देखण्या नमुनाग्रंथांत गणला जातो. आपल्या ठशांची अचूकता व्यापाऱ्याने याहून वेगळ्या कोणत्या शब्दांत सांगावी? रंगाच्या कडा जुळल्या आहेत, एवढेच तो दाखवितो आणि थांबतो.

पण बाजाराचा न्याय नेहमीच कारागिरीच्या बाजूने लागत नाही. पेजच्या कारखान्यापासून शेकडो कोस पश्चिमेला, मिशिगन सरोवराच्या काठी, विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स नावाच्या लहान गावी १८८० साली एक घटना घडली. तेथील वृत्तपत्राच्या संपादकाला नाचाच्या एका समारंभाचे भित्तिपत्रक छापावयाचे होते आणि मोठी अक्षरे हाताशी नव्हती. पूर्वेकडील कारखान्यांकडून ती मागवावी तर वेळ नव्हता. त्याने गावातल्या जेम्स एडवर्ड हॅमिल्टन या तरुणाला विचारले. हॅमिल्टनने आईच्या घराच्या मागल्या पडवीत पायाने चालविण्याच्या करवतीवर अक्षरे कापली आणि ती लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवून दिली. पत्रक उत्तम छापले गेले. त्याने नमुने आसपासच्या छापखान्यांकडे धाडले आणि मागण्या येऊ लागल्या.

हॅमिल्टनची पद्धत वेल्स किंवा पेज यांच्या मानाने कमी प्रतीची होती, यात शंका नाही. होली नावाच्या झाडाच्या पांढऱ्याशुभ्र लाकडाचा पातळ पत्रा घ्यावयाचा, त्यातून अक्षर करवतीने कापावयाचे आणि ते हलक्या लाकडाच्या ठोकळ्यावर सरसाने डकवावयाचे. ना दोन वर्षांची प्रतीक्षा, ना अवघड यंत्रे. परंतु हे टाइप कितीतरी स्वस्त पडत, आणि पश्चिमेकडे नव्याने वसत असलेल्या गावोगावच्या छोट्या छापखान्यांना ते जवळच्या जवळ मिळत. त्या छापखान्यांना पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे अक्षर नको होते, येत्या शनिवारी उपयोगी पडणारे अक्षर हवे होते. दहा वर्षांत हॅमिल्टनने बाजार हस्तगत केला. १८९१ साली त्याने पेजचाच कारखाना विकत घेतला. शतक संपत आले तेव्हा वेल्सच्या मुलाचा, हेबर वेल्सचा, व्यवसायही त्याच्या पदरात पडला. ज्या घराण्याने या धंद्याचा पाया घातला त्याचे दुकानही असे कळसास गेले नाही, दुसऱ्याच्या भांडारात गेले.

या हकीकतीचा शेवट मात्र वाटतो तितका सरळ नाही. बाजार हाती आल्यावर, १८९० च्या आसपास, हॅमिल्टनने आपली डकवण्याची पद्धत सोडून दिली आणि जुन्या कारागिरांची मेपलच्या आडव्या छेदाची रीत स्वीकारली. स्वस्ताईच्या बळावर ज्यांना हरविले त्यांच्याच पद्धतीला त्याने आपल्या कारखान्यात स्थान दिले. यात पराभूतांचा गौरव होता की व्यापारी धूर्तपणा होता, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. एवढे खरे की खरीदलेल्या कारखान्यांचे नमुने हॅमिल्टनने आपल्याकडे आणले, आणि म्हणून ते एका ठिकाणी राहिले. एकाधिकाराने अनेक दुकाने मिटविली. पण अनेक दुकानांतील अक्षरे एका छपराखाली आली, हाही त्याच एकाधिकाराचा परिणाम होता.

विसाव्या शतकात लाकडी अक्षराची गरज ओसरू लागली. शिळाछापाने रंगीत चित्रांची भित्तिपत्रके सोपी केली. पुढे ऑफसेट मुद्रण आले, छायाचित्राच्या साहाय्याने अक्षर हवे तेवढे मोठे करता येऊ लागले. दहा इंची अक्षरासाठी दहा इंची ठोकळा ठेवण्याची आवश्यकताच उरली नाही. हॅमिल्टनचा कारखाना छापखान्यांची कपाटे, दंतवैद्यांची कपाटे, पुढे कपडे वाळविण्याची यंत्रेदेखील बनवू लागला. लाकडी टाइप हे त्याच्या व्यापाराचे एक लहान अंग उरले. छापखान्यांतून अक्षरांची घरे अडगळीत गेली. मेपल उत्तम जळते, म्हणून कितीतरी अक्षरे थंडीच्या दिवसांत शेगडीतही गेली. टू रिव्हर्स येथे लाकडी टाइप करण्याचे काम १८८० पासून चालू होते. ते १९८५ साली थांबले.

ज्या काळात ही अक्षरे जळत होती त्याच काळात मिनिआपोलिस येथील कलाशाळेत रॉब रॉय केली हे एक अध्यापक होते. विद्यार्थ्यांना छपाईचे प्रात्यक्षिक देण्यासाठी त्यांनी जुने लाकडी टाइप गोळा केले. विद्यार्थी विचारीत, हे वळण कोणाचे, कोठले, केव्हाचे? उत्तर कोणत्याच पुस्तकात नव्हते. केली यांनी जुने नमुनाग्रंथ, पेटंटांचे कागद, गावोगावच्या नोंदी धुंडाळल्या. अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर १८२८ ते १९०० या काळातील अमेरिकन लाकडी टाइपांवरचा त्यांचा ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. वेल्स, लेव्हनवर्थ, पेज ही नावे विस्मृतीतून वर आली ती मुख्यतः या ग्रंथामुळे. त्यांनी जमविलेला संग्रह पुढे टेक्सस विद्यापीठाकडे गेला आणि तेथे जतन झाला आहे. एका शिक्षकाला विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, आणि उत्तर येत नाही हे त्याने मान्य केले, एवढ्यावरून एका विषयाचा इतिहास उभा राहिला.

टू रिव्हर्सच्या लोकांनीही आपला वारसा ओळखला. १९९९ साली तेथे लाकडी टाइपांचे संग्रहालय स्थापन झाले. त्यात सुमारे पंधरा लाख ठसे आहेत. जुन्या इमारतीतून निघण्याची वेळ आली तेव्हा हा सारा पसारा हलवून २०१३ साली नव्या जागेत पुन्हा मांडला गेला. ठशांइतकीच मोलाची गोष्ट अशी की कारखान्यात आयुष्य घालविलेली काही निवृत्त माणसे संग्रहालयात येऊन नव्या पिढीला पँटोग्राफ कसा धरावा, सुरीने कोपरा कसा साफ करावा, हे शिकवीत राहिली. ठसा काचेच्या कपाटात ठेवता येतो. हाताचे कसब तसे ठेवता येत नाही, ते दुसऱ्या हातातच ठेवावे लागते. या संग्रहालयाने पुढे एक नवीन काम केले. वॉशिंग्टन राज्यातील मूळ रहिवाशांची लशूटसीड नावाची भाषा आहे. ती बोलणारे फार थोडे उरले होते. त्या भाषेची अक्षरे तेथे मेपलच्या लाकडात कोरली गेली. ज्या भाषेला जाहिरातीच्या भरभराटीच्या शतकात भिंतीवर जागा मिळाली नव्हती, तिला तोच आवाज उशिरा का होईना मिळाला.

भारतातील छापखान्यांनाही लाकडी टाइप अपरिचित नव्हते. देवनागरीसह अनेक लिप्यांतील मोठ्या मथळ्यांसाठी ते वापरले गेले. देवनागरीने मात्र कारागिरापुढे वेगळेच कोडे घातले. रोमन लिपीत सव्वीस मोठी अक्षरे कोरली की मथळ्याचे काम भागते. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरे यांचा परिवार मोठा. त्यात शिरोरेषा अखंड हवी. दोन ठोकळ्यांमध्ये केसभर फट राहिली तरी शब्दाच्या माथ्यावर खंड पडतो, आणि लाकूड ऋतूप्रमाणे फुगणारे-आकसणारे असल्याने ती फट कधी राहील याचा नेम नाही. जुन्या लाकडी देवनागरी अक्षरांच्या छापात शिरोरेषा मधूनमधून तुटलेली दिसते ती याच कारणाने. असे ठसे आज जुन्या वस्तूंच्या बाजारात शोभेच्या वस्तू म्हणून विकले जातात. ‘क’ एका घरात जातो, ‘ष’ दुसऱ्या गावात. संच फुटला की ती अक्षरे दिवाणखान्याची शोभा होतात, पण त्यांतून शब्द जुळत नाही. त्यांचे वळण कोणी आखले, ते कोणत्या लाकडात आणि कोणत्या हत्याराने कोरले, या प्रश्नांची उत्तरे संच शाबूत आहेत आणि त्यांवर काम केलेले जुळारी हयात आहेत तोवरच मिळण्यासारखी आहेत.

लाकडी अक्षर मोठेपणाचा दावा कधीच करीत नव्हते. चार दिवस टिकणाऱ्या कागदासाठी ते घडविले गेले होते. तरीही ज्याने ते घडविले त्याने लाकूड दोन वर्षे वाळू दिले, उंची हजाराव्या भागापर्यंत सांभाळली आणि यंत्र पोहोचले नाही तो कोपरा हाताने साफ केला. म्हणून कागद गेले तरी ठसे राहिले. आजही अशा जुन्या ठशाला शाई लावून कागद ठेविला आणि दाब दिला तर अक्षर स्वच्छ उमटते. एखाद्या कडेला जुना ओरखडा असतो, तोही उमटतो. कोण्या जुळाऱ्याच्या हातून दीडशे वर्षांपूर्वी तो ठसा निसटला असेल. त्या माणसाचे नाव कोठे नोंदलेले नाही. त्याच्या कामाची तेवढी खूण मात्र दर छापात पुन्हा कागदावर येते.